शाश्वत शहर आणि आपत्तीसक्षम शहर: किल्लारीची भिंत काय सांगते

स्थापत्यच्या मुलांच्या प्रोजेक्टचं शीर्षक हल्ली ठरलेलं: 'शाश्वत व आपत्तीसक्षम शहर'. तो मधला 'व' इतका सहज येतो की दोन्ही शब्द एकच वाटायला लागतात. थोडा दोष आपल्या भाषेचाही. पर्यावरण राखणारा विकास टिकाऊ, आणि भूकंपात न पडणारी इमारतही टिकाऊच! संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली मांडलेल्या उद्दिष्टांपैकी ११वं उद्दिष्ट शहराकडून दोन्ही गुण मागतं, पण वेगवेगळे शब्द वापरून.

फरक समजायला किल्लारीला जाऊ. मराठवाड्यातलं जुनं माळवदाचं घर डोळ्यांसमोर आणा. दगड जवळच्या रानातला, माती गावची, वर लाकडी तुळया आणि त्यावर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर. सिमेंट नाही, लांबून आणलेलं काही नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हातही आत गारवा. शाश्वततेचे गुण द्यायचे तर हे घर पहिल्या नंबरात पास.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. ६.२ तीव्रतेच्या भूकंपात किल्लारी परिसरातली हीच घरं हजारो माणसांवर कोसळली. भिंती जाड होत्या, दोन-तीन फुटांच्या, काही त्याहून रुंद. पण दोन पदरी. बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मध्ये चिखल आणि दगडगोट्यांची भर. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगडच नव्हता. हादरा बसला की पदर सुटून बाहेर फुगतात. त्यात डोक्यावर माळवदाचं वजन. ज्या मातीमुळे गारवा, तिचंच ओझं.

म्हणजे शाश्वततेचा प्रश्न रोजचा आहे: किती ऊर्जा, किती पाणी, किती दगड-सिमेंट खर्ची पडतं, आणि पुढच्या पिढीला काय उरतं? आपत्तीसक्षमतेचा प्रश्न एका वाईट दिवसाचा: काय उभं राहतं, आणि सावरायला किती वेळ लागतो? हे 'सावरणं' विद्यार्थी हमखास विसरतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढं पाणी तुंबणारच. पण लोकल किती वेळात सुरू झाल्या, वीज कधी आली, हाही हिशेब लागतो.

उलटं उदाहरणही आहे. टोकियोजवळ कासुकाबेत जमिनीखाली सुमारे ५० मीटर खोल, ६.३ किलोमीटर लांबीचा बोगदा पुराचं पाणी पोटात घेतो. आपत्तीसक्षमतेत अव्वल, पण त्यातल्या काँक्रीटचा आणि पंपांच्या विजेचा हिशेब वेगळ्या वहीत मांडावा लागेल.

दोन्ही वह्या एकत्र जुळतात ते मला भूकंपानंतरच्या मजबुतीकरणात दिसतं. दगडी भिंत पाडायची नाही. पहारीचे घाव न घालता हलक्या हाताने एकेक दगड काढून आरपार भोक पाडायचं, त्यात आकडे वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं; आरपार दगडाचं काम मग तेच करतं. नवी दगडी भिंत बांधताना आयएस १३८२८ हे भारतीय मानक दर ६०० मिलिमीटर उंचीला आरपार दगड मागतं, आडवं अंतर जास्तीत जास्त १.२ मीटर. वर दारखिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींना कवटाळणारा सलग पट्टा. माळवदाची माती मात्र कमी करायची, आणि गारव्याचं काय ते तिथेच, त्याच घरात बसून ठरवायचं.