एकेकट्या घरांची संघटना : दुर्मिळ आजारांतील स्वयंसेवेची पार्श्वभूमी

दुर्मिळ आजार कशाला म्हणावे, याची व्याख्या देशागणिक बदलते. अमेरिकेत २ लाखांपेक्षा कमी लोकांना होणारा, जपानमध्ये ५० हजारांपेक्षा कमी लोकांना होणारा, तर युरोपीय संघात दर १० हजारांत पाचपेक्षा अधिक जणांना न होणारा आजार दुर्मिळ मानला जातो. असे ६ हजारांहून अधिक आजार नोंदले गेले आहेत आणि त्यांच्या रुग्णांची जगभरातील संख्या सुमारे ३० कोटी असल्याचा अंदाज आहे. आकडा प्रचंड असला, तरी त्यातील प्रत्येक कुटुंब एकटे असते, कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच काय, पुष्कळदा नेहमीच्या डॉक्टरांनीही त्या आजाराचे नाव ऐकलेले नसते. या क्षेत्रातील स्वयंसेवा याच एकटेपणातून उभी राहिली. म्हणूनच तिचे पहिले कार्यकर्ते बाहेरून मदतीला आलेले नव्हते. ते रुग्णांचे आईवडील आणि जोडीदार होते.

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. या आजारात फुप्फुसांत चिकट, घट्ट कफ साचत जातो, आणि १९५०च्या दशकात अशी मुले शाळेत जाण्याच्या वयापर्यंतही क्वचितच जगत. १९५५ साली अमेरिकेतील काही पालकांनी एकत्र येऊन या आजारासाठी संस्था स्थापन केली. या पालकांचा दिवस कसा जाई, हे लक्षात घेतले की त्या कामाचे मोल कळते. मुलाला डोके खाली राहील असे निजवायचे, तळहाताची ओंजळ करून त्याच्या पाठीवर आणि बरगड्यांवर लयीत थापटायचे, कफ सुटला की कूस बदलून पुन्हा तेच करायचे. हे रोज, चुकवून चालत नसे. त्यातून उरलेल्या वेळात देणग्यांसाठी फोन करायचे. तीन मुलांना हा आजार असलेल्या मेरी वाइस १९६५ साली असेच फोन करत असताना त्यांच्या चार वर्षांच्या मुलाने ते ऐकले आणि ‘तू कशासाठी काम करतेस ते मला माहीत आहे, सिक्स्टी-फाइव्ह रोझेससाठी’ असे आईला सांगितले. आजाराचे अवघड नाव त्याच्या कानांवर ‘पासष्ट गुलाब’ असे पडले होते. हे शब्द पुढे त्या चळवळीची ओळख बनले.

मेंदूतील पेशी हळूहळू निकामी करणाऱ्या हंटिंग्टनच्या आजाराची अडचण वेगळी होती. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. त्यामुळे अनेक घरांत तो लपवला जाई. लोकगायक वुडी गथ्री यांचे १९६७ साली या आजाराने निधन झाले आणि त्याच वर्षी मार्जोरी गथ्री यांनी या कुटुंबांसाठी समिती स्थापन केली. त्या नृत्यांगना होत्या, वैद्यकशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. वुडी यांच्याशी त्यांचा घटस्फोटही बऱ्याच आधी झाला होता. मला या साऱ्या इतिहासात त्यांचे काम विशेष मोलाचे वाटते, कारण त्यांनी निधीइतकेच बोलण्याला महत्त्व दिले. लपवणारी घरे बोलती झाल्याशिवाय वंशावळी मिळत नाहीत आणि वंशावळींशिवाय आनुवंशिक आजाराचे संशोधन पुढे सरकत नाही. व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठच्या कुटुंबांच्या सहकार्याने १९८३ साली या आजाराच्या जनुकाचा माग लागला आणि १९९३ साली जनुक सापडले.

दरम्यान औषधांचा प्रश्न तीव्र झाला होता. गर्भवतींनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बाळे व्यंगासह जन्मली, त्या शोकांतिकेनंतर १९६२ साली अमेरिकेने औषधाची परिणामकारकता सिद्ध करणे बंधनकारक केले. नियम रास्तच होता, पण त्यामुळे चाचण्यांचा खर्च वाढला आणि थोड्या रुग्णांना लागणारी औषधे कोणीही हाती घेईना. त्यांना ‘अनाथ औषधे’ हे नाव पडले. ॲबी मायर्स यांच्या मुलाला टुरेट सिंड्रोम, म्हणजे नकळत झटके आणि आवाज होत राहण्याचा मज्जासंस्थेचा विकार होता. त्याला गुण देणाऱ्या औषधाचे काम ग्राहक कमी म्हणून थांबवण्यात आले, तेव्हा त्यांनी वेगवेगळ्या आजारांच्या गटांची मोट बांधली. अभिनेते जॅक क्लुगमन यांनी आपल्या लोकप्रिय मालिकेत हा विषय मांडला आणि संसदीय समितीपुढे साक्षही दिली. जानेवारी १९८३मध्ये अनाथ औषध कायदा झाला. अशा औषधाला सात वर्षे विक्रीचा एकाधिकार आणि चाचण्यांच्या खर्चावर करसवलत त्यात मिळाली. त्याच वर्षी या गटांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली.

युरोपात रुग्णसंघटनांचा महासंघ १९९७ साली उभा राहिला आणि २००० साली तेथेही अनाथ औषधांचा नियम लागू झाला. याच महासंघाच्या पुढाकाराने २९ फेब्रुवारी २००८ रोजी पहिला दुर्मिळ आजार दिन पाळला गेला. चार वर्षांतून एकदा येणारी तारीख त्यासाठी मुद्दाम निवडली होती. १६ डिसेंबर २०२१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने दुर्मिळ आजार असलेल्या व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबांविषयीचा पहिला ठराव संमत केला.

आज या कामात आप्तांखेरीज इतरही अनेक जण येतात. कोणी रुग्णनोंदणीची माहिती भरते, कोणी वैद्यकीय कागदपत्रांचे भाषांतर करते, कोणी आठवड्यातून दोन तास रुग्णाजवळ बसते, म्हणजे त्याची सतत काळजी घेणाऱ्या माणसाला थोडी झोप घेता येते. पण निदानानंतरचा पहिला फोन घ्यायला पुष्कळ संघटना आजही त्याच आजारातून गेलेल्या घरातील माणूस देतात. तो औषध सुचवत नाही. समोरचा अडखळत उच्चारतो ते आजाराचे नाव तो नीट लिहून देतो, आणि हाच आजार असलेल्या दुसऱ्या एखाद्या घराशी, त्यांची संमती घेऊन, गाठ घालून देतो.