मूकपटातला 'बॉस' आला कुठून?

नगरपालिका खिशात घालून बसलेला पुढारी, म्हणजे तिकडच्या बोलीतला 'बॉस', हा अमेरिकन मूकपटांतला ओळखीचा खलनायक. त्याची सामग्री मासिकांनी आधीच पुरवून ठेवली होती. १९०२ पासून लिंकन स्टेफन्स हा पत्रकार 'मॅक्क्लुअर्स' मासिकात सेंट लुईस, मिनियापोलिस, पिट्सबर्ग या शहरांतली लाचखोरी नावानिशी मांडू लागला. पैसा मुरत होता तो मुख्यतः शहरात ट्राम चालवण्याच्या आणि गॅस पुरवण्याच्या हक्कांत. एकदा हक्क पदरात पडला की वर्षानुवर्षांची कमाई, म्हणून नगरसेवकांची मतं विकत घेणं परवडायचं. १९०६ च्या 'द मॅन ऑफ द आवर' या नाटकातलं भांडण ट्रामच्या कायमस्वरूपी हक्कावरूनच आहे. १९१४ मध्ये मोरिस टूर्नर या फ्रेंच दिग्दर्शकाने त्याचा मूकपट केला.

पण हे झालं शहरांचं. तिथला दोष परदेशातून आलेल्या मजुरांच्या माथी मारून मोकळं होता येत असे. खेडेगावं स्वच्छ, असं गृहीतच होतं.

ओहायो राज्यातल्या ॲडम्स काउंटीने, म्हणजे तिकडच्या एका जिल्ह्याने, ते खोटं पाडलं. हा शेतकऱ्यांचा भाग, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या लोकांचा. १९१० च्या निवडणुकीनंतर न्यायाधीश ए. झेड. ब्लेअर यांनी चौकशी लावली, आणि मत विकल्याबद्दल सुमारे १,७०० जण दोषी ठरले. काउंटीतल्या मतदारांचा हा चौथा हिस्सा तरी होता. पाच वर्षांसाठी त्यांचा मताधिकार गेला. १९११ मध्ये ब्लेअर यांनी 'मॅक्क्लुअर्स'मध्येच यावर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकात मतं विकणाऱ्यांचाच उल्लेख आहे. विकत घेणारे दोन्ही पक्षांत होते, ते मात्र शीर्षकात नाहीत!

गंमत अशी की, याच ओहायोने १९१३ मध्ये चित्रपटांवर सेन्सॉर बसवला. नैतिक, शैक्षणिक किंवा निरुपद्रवी करमणुकीचेच चित्रपट मंजूर व्हायचे. म्युच्युअल या चित्रपट कंपनीने त्याला आव्हान दिलं. २३ फेब्रुवारी १९१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, वृत्तपत्राचं स्वातंत्र्य त्याला लागू नाही. म्हणजे जी लाचखोरी मासिकात निर्धास्त छापता येई, तीच पडद्यावर दाखवायची तर ओहायोत आधी सरकारी मंडळाची परवानगी हवी. हा निकाल १९५२ पर्यंत टिकला.