युनिटेरियन पंथाचे बायबल-भाषांतर व अर्थविवरण

ईश्वर एकच असून पिता, पुत्र व पवित्र आत्मा असे त्याचे त्रैक्य नाही, असे मानणाऱ्या ख्रिस्ती मंडळींना युनिटेरियन म्हणतात. सोळाव्या शतकापासून या मंडळींनी बायबलच्या, विशेषतः नव्या कराराच्या, मूळ पाठाची छाननी, भाषांतर आणि अर्थनिर्णय यांची स्वतःची परंपरा घडवली. चर्चच्या परिषदांनी चौथ्या-पाचव्या शतकांत ठरवलेली मतसूत्रे बाजूला ठेवावीत, मूळ ग्रीक व हिब्रू वचन काय म्हणते ते आधी पाहावे आणि अस्पष्ट वचनाचा अर्थ स्पष्ट वचनाच्या आधारे लावावा, हा या परंपरेचा पाया होय. अमेरिकेतील विल्यम एलरी चॅनिंग यांनी १८१९ मध्ये बाल्टिमोर येथील प्रवचनात हीच भूमिका मांडली. बायबल माणसांच्या भाषेत माणसांसाठी लिहिले गेले आहे, तेव्हा इतर ग्रंथांचा अर्थ ज्या रीतीने लावतात त्याच रीतीने त्याचाही लावला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

या वादातील पुष्कळसे प्रश्न मुळात भाषांतराचे नसून पाठाचे आहेत. योहानाच्या पहिल्या पत्रात (५:७) स्वर्गात साक्ष देणारे पिता, शब्द (म्हणजे ख्रिस्त) व पवित्र आत्मा असे तिघे असून ते तिघे एक आहेत, असे वाक्य जुन्या छापील प्रतींत आढळते. त्रैक्याचा इतका उघड उल्लेख बायबलमध्ये अन्यत्र नाही. मात्र हे वाक्य लॅटिन परंपरेतून आले असून प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. डच विद्वान इरॅस्मसने १५१६ च्या आपल्या ग्रीक आवृत्तीत ते घेतले नव्हते. पुढे ते असलेले एक ग्रीक हस्तलिखित दाखवले गेल्यावर १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते घातले, आणि तेथून ते युरोपीय भाषांतरांत रुजले.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील वचन (३:१६) याहून सूक्ष्म आहे. तेथे ‘देव देहात प्रकट झाला’ असे वाचायचे की ‘जो देहात प्रकट झाला’ असे, हा प्रश्न आहे. जुने लेखनिक देववाचक ‘थिऑस’ हा शब्द थीटा व सिग्मा या दोन अक्षरांत लिहून वर आडवी रेघ ओढत. ‘जो’ या अर्थाचा ‘हॉस’ हा शब्द ओमिक्रॉन व सिग्मा या अक्षरांचा. म्हणजे गोल अक्षराच्या पोटातील एक बारीक रेघ आणि डोक्यावरची दुसरी, एवढ्यावर सगळा अर्थ फिरतो. आयझॅक न्यूटन यांनी १६९० मध्ये जॉन लॉक यांना पाठवलेल्या प्रबंधात ही दोन्ही वचने मागाहून बिघडवली गेल्याचे प्रतिपादन केले. हा प्रबंध त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. तो १७५४ मध्ये प्रसिद्ध झाला. बाझेलचे योहान याकोब वेटस्टाइन यांनी लंडनमधील प्राचीन अलेक्झांड्रियन हस्तलिखित तपासले, तेव्हा अक्षराच्या पोटात दिसणारी रेघ चर्मपत्राच्या मागील बाजूच्या अक्षराची असून ती पारदर्शकतेमुळे पुढे दिसते, असे त्यांचे मत झाले. वेटस्टाइन युनिटेरियन मंडळीचे नव्हते, तरी त्यांच्यावर पाखंडाचा आरोप येऊन १७३० मध्ये त्यांना धर्मसेवेतून काढण्यात आले. पाठाच्या छाननीतून उठलेल्या अशा वादात एका अभ्यासकाला आपले पद गमवावे लागले, हे या विषयाच्या इतिहासात विसरता येण्यासारखे नाही.

पोलंड-लिथुएनियातील त्रैक्यविरोधी मंडळींचे काम याआधीचे आहे. शिमोन बुदनी यांनी मूळ भाषांवरून केलेले पोलिश बायबल १५७२ मध्ये निघाले. त्यातील नव्या करारात सहकाऱ्यांनी केलेले बदल न पटल्यामुळे त्यांनी १५७४ मध्ये आपला नवा करार टिपांसह वेगळा छापला. इटालियन धर्मचिंतक फाउस्टुस सोकीनुस यांच्या विचारांवर आधारलेली, पंथाची मते सांगणारी राकूव्ह येथील प्रश्नोत्तरी १६०५ मध्ये प्रसिद्ध झाली. योहानाच्या शुभवर्तमानातील ‘प्रारंभी’ म्हणजे जगाच्या नव्हे तर शुभवार्तेच्या प्रारंभी, हा सोकीनुस यांचा अर्थ प्रसिद्ध आहे. मात्र त्या अध्यायाचा सृष्टिकथेशी असलेला उघड संबंध पाहता तो ओढूनताणून लावलेला वाटतो, आणि पुढील युनिटेरियन अभ्यासकांपैकी अनेकांनी तो सोडून दिला.

त्याच अध्यायाच्या पहिल्या ओवीत, ‘शब्द देवासह होता आणि शब्द देव होता’ येथे, व्याकरणाचा खरा पेच आहे. ग्रीक मुळात पहिल्या ‘देव’ शब्दाला निश्चित उपपद आहे, दुसऱ्याला नाही. आणि ग्रीकमध्ये अनिश्चित उपपदच नाही. इंग्रजीत दुसऱ्या ठिकाणी मोठ्या लिपीतला एकमेव ईश्वर लिहायचा की ‘एक देव’, हे भाषांतरकाराला ठरवावेच लागते. मराठीत उपपदेही नाहीत आणि मोठी-लहान लिपीही नाही, त्यामुळे ‘शब्द देव होता’ या वाक्यात ग्रीकमधील संदिग्धता बरीचशी टिकून राहते. रोमकरांस पत्रातील एका वचनात (९:५) प्रश्न विरामचिन्हाचा आहे: पूर्णविराम कोठे मानावा, यावर तेथील ‘देव’ हा शब्द ख्रिस्ताला लागतो की वेगळ्या स्तुतिवाक्यात पित्याला, हे ठरते. प्राचीन हस्तलिखितांत अशी चिन्हे नियमाने दिलेली नसल्याने दोन्ही वाचने संभवतात. शरण जाणे, दंडवत घालणे या अर्थाचे ग्रीक क्रियापदही असेच आहे. ते ईश्वराच्या पूजेलाही वापरतात आणि राजापुढे लवण्यालाही, त्यामुळे येशूसंबंधी ते आले की त्यातून ईश्वरत्व सिद्ध होत नाही, असे युनिटेरियन म्हणतात. देवालाही आणि वडीलधाऱ्यांनाही ‘नमस्कार’ करणाऱ्या मराठी वाचकाला हा मुद्दा सहज उमगावा.

इंग्लंडमधील या परंपरेचा सर्वांत गाजलेला ग्रंथ म्हणजे १८०८ मध्ये लंडनला निघालेली नव्या कराराची ‘सुधारित आवृत्ती’. आर्माचे आर्चबिशप विल्यम न्यूकम यांच्या भाषांतराचा आधार घेऊन आणि जर्मन अभ्यासक ग्रीसबाख यांनी हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सक ग्रीक पाठाकडे लक्ष ठेवून ती सिद्ध करण्यात आली. थॉमस बेल्शॅम हे तिचे प्रमुख संपादक होते. ‘शब्द एक देव होता’ असे तिने छापले. मत्तय व लूक यांतील येशूच्या कुमारीजन्माचे भाग तिरप्या टंकात देऊन ते संशयास्पद असल्याचेही तिने सुचवले. येथे मात्र ही आवृत्ती आपल्याच कसोटीला उतरत नाही, कारण हे भाग ग्रीक हस्तलिखितांच्या परंपरेत भक्कमपणे आलेले आहेत. योहानाच्या पत्रातील वाक्य हस्तलिखितांत नाही म्हणून वगळायचे आणि हस्तलिखितांत असलेला मजकूर मताला गैरसोयीचा म्हणून संशयित ठरवायचा, ही दोन्ही कामे एकाच तत्त्वावर करता येत नाहीत.

पुढे मात्र पाठचिकित्सेतील मूळ आक्षेप सर्वमान्य झाले. अधिकृत इंग्रजी भाषांतराच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीत युनिटेरियन विद्वान जॉर्ज व्हान्स स्मिथ होते. १८७० मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत समितीच्या सदस्यांबरोबर त्यांनीही प्रभुभोजन घेतल्यावर मोठा गदारोळ झाला, तरी ते समितीत राहिले. अमेरिकेतील समितीत एझ्रा ॲबट होते. १८८१ च्या या सुधारित नव्या करारात योहानाच्या पत्रातील ते वाक्य गाळण्यात आले आणि तीमथ्याच्या पत्रात ‘देव’ ऐवजी ‘जो’ हा पाठ स्वीकारण्यात आला.

भारतात हा वाद बंगाली भाषांतराच्या निमित्ताने पेटला. कलकत्त्यात राजा राममोहन रॉय, विल्यम येट्स व बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम ॲडम हे शुभवर्तमानांचे नवे बंगाली भाषांतर करत असता योहान १:३ मधील ‘डिया’ या ग्रीक शब्दयोगी अव्ययापाशी अडले. सर्व काही ‘त्याच्याकडून’ झाले की ‘त्याच्या द्वारे’? पहिल्या अर्थाने ख्रिस्त स्वतः कर्ता ठरतो, दुसऱ्याने साधन. ‘द्वारे’ हाच अर्थ बरोबर, असे तिघांचे ठरले. पण त्यातून त्रैक्याला बाध येतो हे ध्यानी येताच येट्स मागे सरले. ॲडम मात्र विचार करत राहिले आणि १८२१ मध्ये त्यांनी युनिटेरियन मत उघडपणे पत्करले. त्याच वर्षी कलकत्त्यात युनिटेरियन समिती स्थापन झाली. राममोहन यांनी येशूचे नैतिक उपदेश निवडून १८२० मध्ये प्रसिद्ध केले होते. त्यावर बंगालमधील श्रीरामपूरचे बॅप्टिस्ट मिशनरी जोशुआ मार्शमन यांनी केलेल्या टीकेला त्यांनी ग्रीक व हिब्रू पाठांच्या आधारे तीन विस्तृत आवाहनांतून उत्तर दिले. तिसरे आवाहन छापण्यास बॅप्टिस्ट मिशनच्या छापखान्याने नकार दिल्यावर त्यांनी स्वतःचा छापखाना उभारून ते १८२३ मध्ये प्रसिद्ध केले.

महाराष्ट्राशी या परंपरेचा संबंध प्रार्थना समाजामार्फत आला. विठ्ठल रामजी शिंदे हे युनिटेरियन शिष्यवृत्तीवर १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले. बायबलची ऐतिहासिक चिकित्सा आणि धर्मांचा तौलनिक अभ्यास तेथे एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारखे विद्वान एकत्र शिकवत. तोवर युनिटेरियनांपैकी अनेकांच्या दृष्टीने अंतिम प्रमाण बायबलचे वचन राहिले नव्हते. जेम्स मार्टिनो यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात धर्मातील प्रामाण्य मनुष्याच्या विवेकबुद्धीत व सदसद्‌भावनेत शोधले होते.