टक्का कमी म्हणजे खर्च कमी? हिशेब मांडून बघा

भाड्याच्या इमारतीची व्यवस्था कुणाकडे सोपवायची म्हटलं की मालक पहिला प्रश्न विचारतो, ‘किती टक्के घेता?’ पाच म्हणणारा स्वस्त, आठ म्हणणारा महाग, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे, कारण टक्का कशावर लावलाय हे त्यातून कळतच नाही.

समजा १० घरं आहेत, प्रत्येकाचं महिन्याचं भाडं १००. वर्षाचं येणं १२,०००. पहिला व्यवस्थापक ५ टक्के घेतो, पण येणं असलेल्या भाड्यावर, म्हणजे घर रिकामं असलं तरी त्याचे ६०० ठरलेले. शिवाय नवा भाडेकरू आणला की एक महिन्याचं भाडं; वर्षात चार घरं बदलली, ४०० गेले. दुरुस्तीच्या बिलावर वर १० टक्के. १,००० च्या कामावर आणखी १००. झाले ११००.

दुसरा ८ टक्के घेतो, पण हातात आलेल्या भाड्यावरच, बाकी सगळं त्यातच. वसुली ११,००० झाली, तर त्याचे ८८०.

यातली खरी मेख भाडेकरू आणण्याच्या फीमध्ये आहे. भाडेकरू जितके जास्त बदलतील तितकी पहिल्याची कमाई. मग जुना भाडेकरू टिकवायला तो कशाला धडपडेल? दुसऱ्याला मात्र रिकामं घर झोंबतं.

अर्थात आठवाल्याच्या करारातही छुपी कलमं असू शकतात. ‘दुरुस्ती वेगळी’ ही ओळ बहुतेकदा शेवटच्या पानावर सापडते. करार मोडायचा दंडही तिथेच बघा.