एडिंबरो महोत्सव

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे दरवर्षी ऑगस्ट महिन्यात संगीत, नाट्य, नृत्य, साहित्य आणि दृश्यकलांचे जे अनेक महोत्सव जवळपास एकाच वेळी भरतात, त्या सर्वांना मिळून व्यवहारात एडिंबरो महोत्सव म्हटले जाते. या नावाची एकच एक संस्था मात्र नाही. निमंत्रित कलावंतांचा ‘आंतरराष्ट्रीय महोत्सव’, कोणालाही खुला असलेला ‘फ्रिंज’, किल्ल्यासमोरचा सैनिकी वाद्यवृंदांचा ‘टॅटू’, ग्रंथ महोत्सव, कला महोत्सव आणि चित्रपट महोत्सव यांची कार्यालये, अंदाजपत्रके व धोरणे स्वतंत्र आहेत. सुमारे पाच लाख वस्तीच्या या शहरात त्या तीन-चार आठवड्यांत मुक्कामाला जागा मिळणे दुरापास्त होते.

महोत्सवाची कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रुडॉल्फ बिंग यांनी मांडली. बिंग मूळचे व्हिएन्नाचे. नाझी राजवट आल्यावर जर्मनी सोडून ते इंग्लंडमध्ये आले आणि ग्लाइंडबर्न येथील ऑपेरा संस्थेचे व्यवस्थापक झाले. युद्धात होरपळलेल्या मध्य युरोपात साल्झबुर्गसारखे संगीत महोत्सव लगेच पूर्वपदावर येणार नाहीत, तेव्हा ब्रिटनमध्ये तशी जागा निर्माण करावी, असा त्यांचा विचार होता. इंग्लंडमधील काही शहरांचा विचार मागे पडून एडिंबरोची निवड झाली. खडकावरचा किल्ला, त्याच्या पायथ्याची जुनी वस्ती, भरपूर सभागृहे आणि बाँबहल्ल्यांतून बऱ्याच अंशी वाचलेल्या इमारती ही त्यामागची कारणे होती. ब्रिटिश कौन्सिलचे हॅरी हार्वे वुड आणि शहराचे तत्कालीन लॉर्ड प्रोव्होस्ट (महापौर) सर जॉन फाल्कनर यांनी ही कल्पना उचलून धरली. पैसा नगरपालिका, आर्ट्स कौन्सिल आणि खासगी देणगीदार यांच्याकडून उभा राहिला. देणगीदारांपैकी लॉर्ड रोझबेरी यांनी दिलेले दहा हजार पौंड हे त्यांच्या घोड्याने शर्यतीत जिंकलेले बक्षीस होते.

पहिला महोत्सव ऑगस्ट १९४७ च्या उत्तरार्धात, म्हणजे भारत स्वतंत्र झाला त्याच महिन्यात, सुरू झाला. ब्रिटनमध्ये तेव्हा अन्न, कापड आणि कोळसा यांचे रेशनिंग होते. किल्ल्यावर रात्री रोषणाई करावी, अशी संयोजकांची इच्छा होती. इंधनमंत्र्यांनी कोळशाच्या टंचाईचे कारण देऊन ती नाकारली. तेव्हा शहरातील अनेक नागरिकांनी आपल्या वाट्याचा कोळसा देऊ केला आणि अखेर काही रात्रींपुरती परवानगी मिळाली. संगीताच्या बाजूने त्या वर्षीची मोठी घटना म्हणजे वाद्यवृंद-संचालक ब्रूनो वाल्टर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद यांची पुनर्भेट. वाल्टर ज्यू असल्याने त्यांना १९३८ मध्ये ऑस्ट्रियातील काम सोडावे लागले होते. त्यांच्या संचालनाखाली गायिका कॅथलीन फेरियर यांनी माहलरची रचना गायली आणि फेरियर यांची आंतरराष्ट्रीय कीर्ती येथून वाढत गेली.

याच पहिल्या वर्षी, कोणी ठरवलेले नसताना, महोत्सवाला दुसरे अंग फुटले. आठ नाट्यसंस्थांना निमंत्रण नव्हते. त्या आपापल्या खर्चाने आल्या, मिळतील त्या जागा भाड्याने घेतल्या आणि प्रयोग लावले. त्यांपैकी एक प्रयोग तर शहराबाहेर, फोर्थच्या खाडीपलीकडे डन्फर्मलिनच्या मठात झाला. पुढच्या वर्षी नाटककार व पत्रकार रॉबर्ट केंप यांनी अधिकृत कार्यक्रमाच्या ‘कडेने’ चाललेल्या या खासगी उपक्रमांबद्दल लिहिले आणि त्यातूनच फ्रिंज हे नाव रूढ झाले. गंमत अशी की केंप स्वतः कडेचे नव्हते: १९४८ च्या अधिकृत महोत्सवात गाजलेल्या सोळाव्या शतकातील स्कॉटिश नाटकाची रंगावृत्ती त्यांचीच होती. दिग्दर्शक टायरन गथ्री यांनी ते नाटक चर्च ऑफ स्कॉटलंडच्या सभागृहात, तीन बाजूंनी प्रेक्षक बसतील अशा पुढे आलेल्या मंचावर सादर केले. ती मंचरचना त्यांनी पुढे कॅनडातील स्ट्रॅटफर्ड येथे नेली.

फ्रिंज सोसायटी १९५८ मध्ये स्थापन झाली. कार्यक्रमपत्रिका छापणे, तिकीटविक्रीची सोय करणे आणि माहिती देणे हे तिचे काम. कोणते प्रयोग व्हावेत हे मात्र ती ठरवत नाही. नोंदणी शुल्क भरणारा आणि जागा मिळवणारा कोणीही भाग घेऊ शकतो. या एका नियमातून फ्रिंजचे गुण आणि दोष दोन्ही निघाले आहेत. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी १९६६ मध्ये केलेल्या टॉम स्टॉपर्ड यांच्या नाटकाची समीक्षकांनी दखल घेतली आणि पुढच्याच वर्षी ते लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये गेले. ‘फ्लीबॅग’ हा एकपात्री प्रयोग २०१३ मध्ये आणि ‘सिक्स’ हे संगीत नाटक २०१७ मध्ये येथूनच पुढे आले. पण ज्या प्रयोगांना जेमतेम दहा-बारा प्रेक्षक मिळतात, अशांची संख्या अर्थातच कितीतरी मोठी आहे. २०१९ मध्ये फ्रिंजमध्ये ३,८०० हून अधिक प्रयोग नोंदले गेले आणि तीस लाखांहून अधिक तिकिटे गेली. मूळ महोत्सवाच्या कितीतरी पट हा विस्तार आहे.

एवढे प्रयोग सामावतात कसे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. विद्यापीठातील व्याख्यानकक्ष, चर्चची सभागृहे, पुलाखालच्या दगडी कमानी, दारूच्या गुत्त्यांची तळघरे यांना काळे पडदे लावून आणि लोखंडी सांगाड्यावर खुर्च्या मांडून तात्पुरती नाट्यगृहे करतात. सकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत एका कक्षात एकामागून एक प्रयोग होतात. प्रत्येकाला साधारण तासाभराची वेळ, आणि दोन प्रयोगांमध्ये सामान काढून नवे लावायला दहा-पंधरा मिनिटे. त्यामुळे नेपथ्य दोन हातांत मावेल इतकेच असते. प्रेक्षक मिळवण्यासाठी नट वेशभूषेसह रॉयल माइल या जुन्या रस्त्यावर उभे राहून पत्रके वाटतात. विनातिकीट प्रयोगांत शेवटी कलाकार दाराशी बादली घेऊन थांबतो आणि प्रेक्षक खुशीने पैसे टाकतात. विनोदी एकपात्री प्रयोगांचा प्रभाव १९८० नंतर वाढत गेला आणि आज कार्यक्रमपत्रिकेतील सर्वांत जाड विभाग तोच असतो. नाट्यप्रेमींची त्याबद्दलची तक्रार जुनी आहे आणि ती अगदीच निराधार नाही.

आंतरराष्ट्रीय महोत्सवाचे केंद्र अजूनही पाश्चात्त्य अभिजात संगीत, ऑपेरा, नृत्य आणि निमंत्रित नाटक हेच आहे. त्याचे मुख्य संगीतगृह असलेला अशर हॉल मद्यउत्पादक अँड्र्यू अशर यांच्या देणगीतून बांधला गेला आणि १९१४ मध्ये खुला झाला. १९६५ मध्ये उभे राहिलेले महोत्सवाचे गायकवृंद हौशी गायकांचे असूनही नामांकित वाद्यवृंदांबरोबर गाते. मध्यंतरी फ्रिंज आठवडाभर आधी भरू लागल्याने दोन्हींच्या तारखा जुळेनाशा झाल्या होत्या. २०१५ पासून त्या पुन्हा जुळवण्यात आल्या. व्हायोलिनवादक निकोला बेनेडेटी यांनी २०२२ मध्ये संचालकपद स्वीकारले. या पदावरील त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या स्कॉटिश व्यक्ती होत.

भारताशी या महोत्सवाचा संबंध संचालक लॉर्ड हेअरवुड यांच्या कारकिर्दीत (१९६१–६५) दृढ झाला. १९६३ च्या महोत्सवात त्यांनी भारतीय संगीत व नृत्याला ठळक स्थान दिले. रविशंकर, अली अकबर खाँ, एम. एस. सुब्बुलक्ष्मी आणि भरतनाट्यम नर्तिका बालसरस्वती यांचे कार्यक्रम तेथे झाले. भारतीय कलेला युरोपीय अभिजात संगीताच्या शेजारी, त्याच प्रतिष्ठेच्या मंचावर बसवणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. फ्रिंजच्या बाजूने हबीब तन्वीर यांच्या नया थिएटरने १९८२ मध्ये ‘चरणदास चोर’ हे नाटक छत्तीसगढी लोककलावंतांसह सादर केले आणि द स्कॉट्समन वृत्तपत्राचा फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळवला. छत्तीसगढी न समजणाऱ्या प्रेक्षकांनी ‘नाचा’ या लोकनाट्याच्या शैलीतील गाणी आणि विनोद दाद देत पाहिला, हे त्या कलावंतांच्या ताकदीचे द्योतक आहे.

अन्य महोत्सवांपैकी टॅटू १९५० पासून किल्ल्यासमोरच्या पटांगणात होतो. बॅगपाइप्स आणि ढोल यांचे संचलन आणि शेवटी तटावर उभ्या एकट्या पाइपवादकाचे वादन हा त्याचा ठरलेला क्रम आहे. चित्रपट महोत्सव १९४७ मध्ये माहितीपटांपासून सुरू झाला. ग्रंथ महोत्सव १९८३ मध्ये शार्लट चौकातील तंबूंत सुरू झाला आणि कालांतराने तेथून हलला.

कोविडमुळे २०२० मध्ये ऑगस्टमधील हे सर्व महोत्सव रद्द झाले. १९४७ नंतर असे प्रथमच घडले. त्यानंतरची मोठी अडचण पैशाची आणि जागेची आहे. घरमालक ऑगस्टमध्ये घरे चढ्या भाड्याने देतात, त्यामुळे कलावंतांचा सर्वाधिक खर्च रंगमंचापेक्षा राहण्यावर होतो. अल्पकालीन भाड्याच्या घरांना परवाना सक्तीचा झाल्यावर अशा घरांची संख्या घटली, आणि रहिवाशांना दिलासा देण्यासाठी केलेल्या या उपायाने कलावंतांची अडचण वाढली, असे फ्रिंजशी संबंधित अनेकांचे म्हणणे आहे. शहर आणि महोत्सव यांच्यातील ताण ऑगस्ट २०२२ मध्ये वेगळ्या रीतीने दिसला: वेतनवाढीसाठी सफाई कामगारांनी संप केला आणि प्रेक्षकांनी गजबजलेल्या रस्त्यांवर कचऱ्याच्या पिशव्यांचे ढीग साचले. जानेवारी २०२५ मध्ये शहर परिषदेने पर्यटकांच्या मुक्कामावर ५ टक्के कर मंजूर केला. त्याच्या उत्पन्नाचा काही भाग शहराच्या सांस्कृतिक उपक्रमांसाठी राखला जाईल.