नळीवरचं बोट आणि तिळारीचा कालवा

परसात शिंपताना नळीच्या तोंडावर बोट दाबलं की चिळकांडी लांब उडते. त्यावरून आपण ठरवून टाकतो: नळी बारीक तर प्रेशर जास्त. गोव्यात डिचोलीतल्या एका कुळागरात (पोफळीच्या बागेत) याच हिशेबाने कालव्यापासून खालपर्यंत अर्ध्या इंची नळी ओढलेली पाहिली. शेवटच्या पोफळीशी ठिबक चालू आहे की बंद, तेच कळत नव्हतं.

धरण महाराष्ट्रातल्या दोडामार्गात, पण तिळारीचं पाणी कालव्यांतून डिचोली, पेडणे, बार्देशात येतं. कालवा वर, बागायत खाली अशी जागा असेल तर ती उंची म्हणजे फुकटचा पंप. दर १० मीटर उंचीला चौरस सेंटीमीटरमागे साधारण १ किलो दाब मिळतो आणि ठिबकला तेवढा पुरतो. उघड्या पाटातून सोडलेलं पाणी मात्र ही उंची खळखळण्यात, माती उकरण्यात घालवतं, शिवाय वाटेत जांभ्यात मुरतं ते वेगळंच. बंद पाइपात उंची दाब होऊन खाली पोचते, फक्त घर्षणाचा वाटा वजा होतो.

आता ते बोट. नळी मोकळी असताना पाणी जोरात वाहतं आणि बराचसा दाब आतल्या घर्षणातच संपतो. बोट दाबलं की प्रवाह कमी, म्हणून घर्षण कमी. वाचलेला दाब बोटामागे साठतो आणि फटीतून वेग होऊन बाहेर पडतो. मुळातल्या दाबापेक्षा तो कधीच जास्त नसतो. घड्याळ लावून बादली भरून पाहा, बोट ठेवल्यावर उशिरा भरेल.

अख्खी नळीच बारीक केली तर उलटं होतं. तेवढंच पाणी न्यायचं तर घर्षण व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतं. व्यास निम्मा, घर्षण ३२ पट! १५ मीटर उंचीच्या उतारात रुंद पाइप ५ मीटर घर्षणात खात असेल, तर निम्म्या व्यासाचा १६० मीटर मागेल. तेवढा डोंगर आणायचा कुठून? म्हणून पाणीच आटतं. (पाइपाला लोहचुंबक बांधून ‘पाण्याची ताकद’ वाढवून देणारेही भेटतात. चुंबकाने दाब तसूभर वाढत नाही.)

वायंगण (पावसाळ्यानंतरच्या) भाताला पाटच बरा. पण माड-पोफळीला ठिबक करायचं तर टाकी हवी, कारण कालव्याचं पाणी पाळीने येतं आणि ठिबकला ते जवळजवळ रोज लागतं. गाळ अडवायला वाळूची गाळणीही हवी, तीही थोडी उंची खाते. टाकी कालव्याला लागून, वरच बांधा. सोयीसाठी खाली घराजवळ बांधलीत, तर पंप आलाच.