धनुष्याची मूठ जाड कशी झाली

आज घरी धनुष्य करायला घेणारा माणूस बहुतेक वेळा मधली मूठ, म्हणजे रायझर, लाकडाची तासतो आणि वर-खालचे वाकणारे दोन हात, म्हणजे ‘लिंब’ (limb), विकत आणतो. पूर्वी असे भाग पाडायचा प्रश्नच नव्हता. एका काठीतून अख्खं धनुष्य निघे.

डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ साली एल्मच्या लाकडाची धनुष्यं सापडली, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची. त्यांचे लिंब रुंद आणि चपटे, मूठ मात्र अरुंद आणि मागे-पुढे जाड. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली मिळालेल्या ‘ओत्झी’ या प्राचीन माणसाच्या मृतदेहाजवळचं १.८२ मीटरचं, यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं धनुष्य तर अर्धवटच राहिलेलं आहे. कुऱ्हाडीने तासल्याच्या खुणा त्यावर अजून दिसतात. पुढे इंग्लंडचं लाँगबो, म्हणजे माणसाच्या उंचीचं लांब धनुष्य, तेही यूचंच. यूचं बाहेरचं पांढरट लाकूड ताण सोसतं आणि आतला गाभा दाब सोसतो. दोन्ही एकाच काठीत असल्याने धनुष्याच्या पाठीला (नेमबाजापासून दूरच्या बाजूला) पांढरट थर आणि पोटाला (त्याच्याकडच्या बाजूला) गाभा ठेवायचा. हे लाकूड इंग्लंडला इतकं कमी पडे, की १४७२ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्या जहाजांना मालाच्या दर टनामागे चार काठ्या आणणं सक्तीचं झालं. १५४५ मध्ये बुडालेलं आणि १९८२ मध्ये वर काढलेलं ‘मेरी रोझ’ हे जहाज शंभराहून जास्त लाँगबो घेऊन तळाशी गेलं होतं. त्यांचा आडवा छेद इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा. मूठ वेगळी काढलेली नाही, काठी मधेही थोडी वाकतेच.

हा आकार सर्वोत्तम, असं शिकारी आणि नेमबाज पिढ्यान्‌पिढ्या धरून चालले होते. १९३० च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन, पॉल क्लॉपस्टेग यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञांनी धनुष्याचं गणित मांडलं आणि चपटा, आयताकृती छेद जास्त कामाचा ठरवला. म्हणजे होल्मेगार्डच्या कारागिराने हाताने गाठलेल्या आकारापाशीच विज्ञान पोचलं. मला या इतिहासातली ही सगळ्यात मजेशीर गोष्ट वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आलं आणि लाकडाचं काम बदललं. ताण आणि दाब आता बाहेरचे दोन काचेचे थर घेऊ लागले. मधलं मेपलचं पातळ पान त्यांना एकमेकांपासून अंतरावर धरून ठेवण्यापुरतं उरलं. आशियातल्या शिंग-कंडरांच्या धनुष्यांनी ही युक्ती केव्हाच वापरली होती: पोटाला शिंग, पाठीला जनावराच्या कंडरांचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचे) तंतू, मधे लाकूड.

लिंबांत लाकूड दुय्यम झालं, पण मुठीत त्याची जबाबदारी वाढली. बाण मुठीला वळसा घालून न जाता शक्यतो मधोमध जावा म्हणून मुठीच्या बाजूला खिडकीसारखी खाच काढायला लागले. खाचेमुळे लाकूड तिथे अरुंद होतं आणि ताकद टिकवायची तर मागे-पुढे खोली वाढवावी लागते. मूठ जाड झाली ती अशी. रायझर तुटलाच तर बहुधा त्या खाचेपाशी, लाकडाची रेघ (तंतूंची दिशा) तिरपी बाहेर पडली असेल तिथे. म्हणून एका ठोकळ्याऐवजी सरळ रेघेच्या पट्ट्या गोंदाने चिकटवून रायझर करतात. वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यांनी तो देखणा दिसतो हा वरचा फायदा.

लिंब बोल्टने काढता येणारी धनुष्यं रुळली, तसे स्पर्धेतले रायझर धातूचे झाले. घरच्या कारागिराला हे एका अर्थी सोयीचंच पडलं, कारण धनुष्यं बनवणाऱ्या होइट कंपनीच्या जोडणीवरून आलेली ‘आयएलएफ’ (इंटरनॅशनल लिंब फिटिंग) ही लिंब बसवायची पद्धत इतरांनीही उचलली आणि एकाचे लिंब दुसऱ्याच्या रायझरवर बसू लागले. आता पट्टी-करवत, रंधा आणि कानस असली की रायझर होतो. खरी परीक्षा दोन टोकांना लिंब टेकतात त्या पृष्ठभागांची. ते एका रेषेत आले नाहीत, एक जरासा जरी पिळलेला राहिला, तर दोरी मुठीच्या मधून न जाता एका अंगाला सरकते. तो दोष मग खाच कितीही गुळगुळीत कानसली तरी जात नाही. म्हणून मुठीला गोलाई देण्याआधी, ठोकळा चौकोनी असतानाच ही टोकं आणि बोल्टची भोकं करून घेतात.

आपल्याकडे तिरंदाजी स्पर्धांच्या ‘इंडियन राउंड’ प्रकारात आजही बांबूचे लिंब आणि लाकडी मूठ चालते. महागड्या रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) किंवा कम्पाउंडकडे (चाकं बसवलेलं धनुष्य) जाण्याआधी कितीतरी पोरं याच धनुष्यावर हात बसवतात.